गावात तोंड तपासणीचा अभ्यास करताय? मग कॅम्पच्या आधी हा क्रम पक्का करा

थिसिससाठी किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पासाठी गोळा केलेला, तोंडाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून केलेल्या तोंड तपासणीचा डेटा माझ्याकडे बघायला येतो तेव्हा तो दरवेळी त्याच चार-पाच जागी अडकलेला असतो. चट्टा ओळखता आला नाही असं फार कमी वेळा होतं. आधी करायचं ते नंतर केलेलं असतं, मुख्य चूक ती. रेफरलची जागा, म्हणजे संशयित माणसाला पुढे कुठं पाठवायचं ते, ठरायच्या आधी कॅम्प लागतो, तोंड बघायच्या आधी व्यसन विचारलं जातं, आणि जी जागा बघताच आली नाही तिथं 'नॉर्मल' अशी टिक पडते. हे सगळं नंतर सुधारता येत नाही, पुन्हा गावात जावं लागतं आणि तोपर्यंत कोणाचा तरी चट्टा वाढलेला असतो.

हे लिहितोय ते डेंटल आणि पब्लिक हेल्थच्या विद्यार्थ्यांसाठी, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी आणि गावात कॅम्प लावणाऱ्या संस्थांसाठी. घरी कोणाच्या तोंडात चट्टा दिसला म्हणून इथं आला असाल तर सरळ टप्पा ८ वाचा आणि डॉक्टरकडे जा.

टप्पा १: प्रश्न एका ओळीत लिहा, मग माणसं मोजा

'तोंडाच्या कॅन्सरचं लवकर निदान' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. प्रश्न असा हवा: 'आशाताईंनी टॉर्चने तपासलेलं तोंड आणि तज्ञानं तपासलेलं तोंड, यात संशयास्पद चट्टे किती जुळतात?' किंवा 'पाठवलेल्यांपैकी किती जण ३० दिवसांत पोचतात?' दोन्ही चांगले प्रश्न आहेत पण दोघांना लागणारी माणसं, फॉर्म आणि वेळ पूर्ण वेगळी, म्हणून हे आधी ठरलं पाहिजे.

नमुना ठरवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तपासलेल्या माणसांचा आकडा धरणं. संवेदनशीलता, म्हणजे खरोखर चट्टा असलेल्यांपैकी किती पकडले, ही काढायची असेल तर मोजायचे असतात चट्टा असलेले लोक. समजा तुमच्या भागात शंभरात ५ जणांना चट्टा असेल आणि तुम्हाला असे १०० जण हवेत, तर २,००० तोंडं तपासावी लागतील. ३०० जणांच्या कॅम्पमध्ये १५ मिळतील, त्यावर टक्केवारी काढून काही उपयोग नाही.

वयही इथंच ठरवा. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या लोकांची तोंड तपासणी दर पाच वर्षांनी आहे. कॉलेजची पोरं आणून आकडा फुगवू नका.

टप्पा २: परवानग्या, आणि त्यांच्याइतकंच महत्त्वाचं, रेफरलची जागा

एथिक्स कमिटीची परवानगी पहिला माणूस तपासायच्या आधी. तुमचा अभ्यास ट्रायल असेल, म्हणजे काही गावांत तपासणी आणि काही गावांत नाही असं वाटून देणार असाल, तर सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणीसुद्धा आधीच. १ एप्रिल २०१८ पासून तिथं नंतर केलेली ट्रायलची नोंदणी चालत नाही.

संमती तीन वेगळ्या गोष्टींसाठी वेगळी घ्या: तपासणी, फोटो आणि बायोप्सी (चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणं). एकाच कागदावर तिन्ही कोंबले की माणूस फोटोला घाबरून तपासणीलाच नाही म्हणतो. वाचता न येणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि तुमच्या टीमबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्यायची. आणि 'कॅन्सर शोधायला आलोय' असं म्हणू नका, 'तोंडात काही चट्टा, जखम आहे का ते बघतोय, असलं तर पुढे कुठं दाखवायचं ते सांगू' एवढं पुरतं आणि ते खरंही आहे.

आता रेफरल. कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या वारी, कोणत्या ओपीडीत, बायोप्सी कोण करणार, रिपोर्ट किती दिवसांत मिळणार, खर्च कोण देणार, हे सगळं लिहून हातात असल्याशिवाय कॅम्पची तारीख ठरवू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, पण ओपीडीतल्या तपासण्या आणि येण्याजाण्याचे पैसे याचा हिशोब तुम्हालाच आधी करावा लागतो.

> तपासा: तुमच्या टीममधल्या कोणालाही मध्येच विचारा, 'आज लाल चट्टा सापडला तर उद्या माणूस कुठं जाणार?' उत्तर लगेच आलं नाही तर कॅम्प पुढे ढकला.

टप्पा ३: तपासणाऱ्यांचे डोळे जुळवून घ्या

दोन तपासनीस एकाच चट्ट्याला दोन नावं देतात. म्हणून आधी सगळ्यांनी त्याच २०-२५ पेशंटना एकमेकांशी न बोलता तपासायचं आणि कप्पा (kappa, योगायोग वगळून दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढायचा. ०.६ च्या खाली आला तर पुन्हा ट्रेनिंग. आठ-दहा दिवसांनी त्याच पेशंटपैकी काहींना त्याच माणसानं परत तपासायचं, म्हणजे स्वतःशीच किती जुळतं तेही कळतं.

यात एक सापळा आहे. सगळे नॉर्मल पेशंट घेतले तर दोघंही 'नॉर्मल, नॉर्मल' लिहितात आणि जुळणी ९५ टक्क्यांच्या वर दिसते पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ओपीडीतून मुद्दाम चट्टे असलेले पेशंट बोलवा, निम्मे तरी. आणि चट्ट्यासारखं दिसणारं पण नॉर्मल असलेलंही ठेवा: गालावर दात जुळतात तिथली पांढरी रेघ, गालावरचे पिवळे बारीक ठिपके, वरच्या दाढेसमोरचा लाळग्रंथीच्या नळीचा छोटा उंचवटा, जिभेच्या मागच्या कडेच्या उभ्या घड्या. नवीन मुलं यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना हमखास 'गाठ' लिहितात.

टप्पा ४: जागा आणि पिशवी

- हेडलॅम्प किंवा पांढऱ्या उजेडाचा टॉर्च, सुटे सेल
- माउथ मिरर दोन (एक नसेल तर दोन लाकडी पट्ट्या)
- गॉज भरपूर
- ग्लोव्हज, माणसागणिक नवी जोडी
- मिलिमीटरच्या खुणा असलेला प्रोब किंवा छोटी पट्टी
- पिण्याचं पाणी, बादली, कचऱ्याच्या वेगळ्या पिशव्या

पिवळ्या बल्बखाली पांढरा चट्टा नाहीसा होतो आणि लाल चट्टा आसपासच्या रंगात मिसळतो. एकदा संध्याकाळी समाजमंदिरात पिवळ्या उजेडात आम्ही साठेक माणसं तपासली होती, दुसऱ्या दिवशी त्यातल्या काहींना उन्हात पुन्हा बघितलं तेव्हा तीन चट्टे नव्यानं सापडले. तेव्हापासून सकाळी, दारापाशी, तोंड उजेडाकडे असा नियम आहे. पाठीला टेकायला खुर्ची हवी, स्टुलावर माणूस मान मागे टाकत नाही आणि टाळू राहून जातो.

एका तपासनिसानं दिवसाला चाळीसच्या पुढे तोंडं बघू नयेत असं माझं ठाम मत आहे, कारण त्यानंतर नजर नुसती फिरते.

टप्पा ५: आधी तोंड, मग व्यसनाचे प्रश्न

हे सगळ्यात जास्त लोक उलटं करतात, कारण फॉर्मच्या पहिल्या पानावर नाव, वय, व्यसन असतं. पण 'वीस वर्षं खर्रा खातो' हे ऐकल्यावर तपासनीस त्या गालात जास्त वेळ बघतो आणि 'काही व्यसन नाही' म्हणणाऱ्याला अर्ध्या मिनिटात सोडतो. मग तुमच्या डेटात व्यसनाचा आणि चट्ट्याचा संबंध आहे त्यापेक्षा मोठा दिसणार, आणि व्यसन लपवणाऱ्या बायकांचे चट्टे सुटणार. म्हणून प्रश्न विचारणारा वेगळा माणूस, वेगळं टेबल, आणि तोंड तपासून झाल्यावर. माणसं कमी असतील तर फॉर्मची पानंच उलटी लावा.

विचारताना 'तंबाखूचं व्यसन आहे का?' असं विचारू नका. मिश्री लावणारी मावशी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, तिच्यासाठी ते दात घासणं आहे. एकेक नाव घेऊन विचारा: मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, किती वेळ तोंडात ठेवता? तंबाखू-चुना मळून? गुटखा, मावा? नुसती सुपारी? पान? बिडी, सिगारेट? दारू? विदर्भात खर्रा हा शब्द वापरलाच पाहिजे. गोव्यात वयस्कर लोकांना धुमटी ओढताना जळतं टोक तोंडात ठेवायचे का तेही विचारा, तशा ओढण्यात बदल टाळूवर दिसतात. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, 'कुठं ठेवता?' गालात डाव्या बाजूला की खालच्या ओठामागे. तंबाखूची गोळी जिथं बसते तिथंच बहुतेक वेळा चट्टा येतो, त्यामुळे दोन्ही कागद जोडल्यावर हे जुळून बघता येतं.

टप्पा ६: तोंड बघायचा क्रम

कवळी काढायला सांगा. हे विसरलात तर टाळू आणि हिरडीची अर्धी तपासणी गेली. मग पाण्यानं खळखळून चूळ, मिश्रीचा काळा थर राहिला तर गॉजनं हलकं पुसून घ्या.

१. आधी बाहेरून: चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, जबड्याखाली आणि मानेला बोटांनी गाठी.
२. तोंड उघडायला सांगून पट्टीनं मोजा, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. पट्टी नसेल तर माणसाची स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा. जात नसतील तर सबम्युकस फायब्रोसिसची (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होऊन तोंड कमी उघडतं तो आजार) शंका घ्या, गाल पांढुरका आणि ताठ लागतो, तिखट झोंबतं का विचारा.
३. ओठ बाहेरून, मग खालचा ओठ उलटून, वरचा ओठ उलटून.
४. उजवा गाल, कोपऱ्यापासून मागे दाढेच्या पलीकडपर्यंत. मग डावा.
५. गाल आणि हिरडी यांच्यामधली खोबण. आपल्याकडे इथंच जास्त सापडतं आणि इथंच कमी बघितलं जातं, आरशानं गाल बाहेर ओढल्याशिवाय ती उघडत नाही.
६. हिरड्या आतून-बाहेरून.
७. जीभ वरून, मग गॉजनं टोक धरून एका बाजूला ओढून कड पार मागेपर्यंत, मग दुसरी कड.
८. जीभ वर टाळूला लावायला सांगून खालचा भाग.
९. टाळू पुढचा, मागचा, 'आ' म्हणायला लावून घसा.
१०. शेवटी जिथं काही दिसलं तिथं बोटानं दाबून. कडा कडक लागतात का हे डोळ्यांना कळत नाही.

एका तोंडाला तीन ते पाच मिनिटं. दर वेळी हाच क्रम, मधे चट्टा दिसला तरी तो शेवटी, नाहीतर एक चट्टा सापडल्याच्या भरात दुसरा राहतो.

> सावध: पांढरं दिसलं की आधी गॉजनं पुसा. पुसून निघालं तर बहुतेक बुरशी. गाल ताणल्यावर दुधाळपणा गेला तर ल्युकोप्लाकिया (पुसून न निघणारा, दुसरं कारण न सापडणारा पांढरा चट्टा) नव्हे. जवळ तुटका, धारदार दात असेल तर घासण्यानं झालेलं असू शकतं. चुना जास्त लागून भाजल्यासारखं पांढरं पण होतं.

टोल्युडीन ब्लूसारखे रंग लावायचा मोह होतो. निळं झालं म्हणजे कॅन्सर नव्हे आणि नाही झालं म्हणजे सुटका नव्हे, सूज आणि साध्या जखमासुद्धा रंग घेतात. बायोप्सी कुठून घ्यायची ते ठरवायला तज्ञाच्या हातात त्याचा उपयोग आहे, कॅम्पमध्ये डोळ्यांऐवजी नाही.

टप्पा ७: लगेच लिहा

प्रत्येक जागेसमोर तीन खाने हवेत: बघितलं-नॉर्मल, बघितलं-काहीतरी आहे, बघता आलं नाही. तिसरा खाना नसलेले फॉर्म मी बाजूलाच ठेवतो. तोंड दोन बोटं उघडतं अशा माणसाच्या मागच्या गालावर 'नॉर्मल' लिहिलेलं असेल तर बाकीच्या फॉर्मवर कसा विश्वास ठेवायचा.

चट्टा असेल तर: जागा (चित्रावर खूण करून), लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, रंग (पांढरा, लाल, मिसळलेला), पृष्ठभाग सपाट की खडबडीत की जखम, कडा, कडकपणा, किती दिवसांपासून. 'ल्युकोप्लाकिया' हे नाव कॅम्पच्या फॉर्मवर नको, ते बाकीची कारणं वगळल्यावरचं नाव आहे. वर्णन लिहा, नाव तज्ञ देईल.

फोटो दोन: एक लांबून जागा कळेल असा, एक जवळून पट्टीसकट. डोळे, चेहरा येऊ देऊ नका. फाइलला नंबर, नाव नाही. आणि फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे कितीही सोयीचं वाटलं तरी.

टप्पा ८: आज पाठवायचं की दोन आठवड्यांनी

आजच पाठवा: मखमलीसारखा लाल चट्टा, लाल-पांढरा मिसळलेला, कडा कडक असलेली किंवा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली जखम, कारण नसताना हललेले दात, मानेला कडक गाठ, जीभ किंवा ओठ बधिर. यात 'आधी औषध देऊन बघू' करू नका, मलम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांत महिने जातात.

दोन आठवड्यांनी परत: धारदार दाताजवळचा छोटा चट्टा, साधं तोंड आलेलं. दात घासून गुळगुळीत करायचा, तंबाखू थांबवायला सांगायचं आणि तारीख द्यायची. तेव्हाही तसाच असेल तर पाठवा.

लाल चट्ट्याबद्दल घाई का, तर २०२० सालच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात ल्युकोप्लाकियाचं कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याचं प्रमाण सुमारे ९.५ टक्के निघालं, सबम्युकस फायब्रोसिसचं ५.२ आणि एरिथ्रोप्लाकियाचं, म्हणजे या लाल चट्ट्याचं, ३३.१. लाल चट्टा दुखत नाही म्हणून माणूस ऐकत नाही, तुम्ही मात्र मागे लागा.

टप्पा ९: रेफरल म्हणजे चिठ्ठी नव्हे

त्रिवेंद्रमच्या मोठ्या ट्रायलमध्ये (१३ पंचायती, निकाल २००५ मध्ये लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकात) ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसतं डोळ्यांनी बघून तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्याच ट्रायलमध्ये संशयित निघालेल्या ५,१४५ जणांपैकी ३,२१८ जणच पुढच्या तपासणीला पोचले, म्हणजे ६३ टक्के. एवढी तयारी असलेल्या ठिकाणी हे, तर आपल्या दोन दिवसांच्या कॅम्पचं काय होत असेल.

माणूस न येण्याची कारणं बहुतेक साधी असतात: रोज बुडतो, सोबत कोणी नाही, दुखत नाही, आणि भीती. म्हणून चिठ्ठीवर तारीख, ओपीडी आणि तिथल्या ओळखीच्या माणसाचं नाव हवं. शक्यतो सगळ्यांना एकाच दिवशी, गाडी करून, आशाताईंसोबत न्या. घरातल्या एका माणसाचा नंबर घ्या, पेशंटचा फोन बऱ्याचदा मुलाकडे असतो.

मराठवाड्यात ऊसतोडीचं गणित न धरता केलेला अभ्यास फसतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आम्ही ऑक्टोबरात तपासलेल्या एका दादांच्या जिभेच्या कडेला लाल चट्टा होता, सोमवारी येतो म्हणाले आणि शनिवारीच टोळी निघाली. एप्रिलमध्ये भेटले तेव्हा मानेला गाठ होती. आमच्या फॉर्मवर 'रेफर केले' अशी नीट टिक होती. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर तो खाना नाही, त्याजागी 'पोचले: तारीख' आहे. अशा भागात तपासणी मे-जून-जुलैत ठेवा.

> तपासा: ७ दिवसांनी फोन, १५ दिवसांनी आशाताईंची घरभेट, ३० दिवसांनी तुम्ही स्वतः.

टप्पा १०: बायोप्सी

ती तज्ञच करणार, पण नमुना बिघडतो तो बहुतेक नंतर. चट्ट्यातल्या सगळ्यात संशयास्पद भागातून घ्यायची: लाल, खडबडीत किंवा कडक. मधल्या सडलेल्या भागातून नाही. भूल चट्ट्याच्या आत नको, बाजूला द्यायची. चिमट्यानं तुकडा चिरडायचा नाही आणि फार वरवरचा घ्यायचा नाही, खालचा थर नसेल तर कॅन्सर आत शिरलाय का हे पॅथॉलॉजिस्ट सांगूच शकत नाही.

तुकडा लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट तरी. सलाईनमध्ये, पाण्यात, स्पिरिटमध्ये ठेवून तालुक्यावरून जिल्ह्याला पाठवलेले नमुने वाया जाताना बघितलेत. लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नाही, कारण लॅबमध्ये झाकणं बदलतात.

रिपोर्ट 'डिसप्लेसिया नाही' (पेशींत कॅन्सरकडे झुकणारे बदल नाहीत) आला तर फाइल बंद होत नाही. मोठ्या चट्ट्यातला तो एक तुकडा आहे. चट्टा अजूनही वाईट दिसत असेल तर तज्ञाशी बोलून पुन्हा बायोप्सी. अभ्यासासाठी दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांचं मत न बघता स्लाइड वाचावी, डिसप्लेसियाच्या ग्रेडवर त्यांचंही सहज जुळत नाही.

टप्पा ११: आकडे मांडताना

संशयित निघाले तेवढ्यांनाच तज्ञानं बघितलं तर सुटलेले चट्टे कधी कळणारच नाहीत आणि तुमची संवेदनशीलता खोटी चांगली येईल. नॉर्मल ठरवलेल्यांची बायोप्सी करता येत नाही हे खरं, पण त्यातले १० टक्के चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तज्ञाकडून पुन्हा तपासून घ्या, तज्ञाला पहिला निकाल न सांगता. आकडेमोडीत मग हे १० टक्के पुन्हा सगळ्या नॉर्मलच्या प्रमाणात वाढवून धरायचे.

संशयितांपैकी खरे किती हेही लिहा. समजा १,००० लोकांत ५० जणांना चट्टा आहे, तुम्ही ८० टक्के पकडता म्हणजे ४०, आणि निरोगी ९५० पैकी ५ टक्क्यांना चुकून संशयित म्हणता म्हणजे साधारण ४८. एकूण ८८ पाठवले, त्यात खरे ४०. निम्म्याहून जास्त लोक उगाच घाबरून हॉस्पिटलात जाणार, याची तयारी गावात आधी बोलून करावी लागते.

तक्ता असा द्या: बोलावले किती, आले किती, पूर्ण तोंड बघता आलं किती, संशयित किती, पोचले किती, बायोप्सी किती, निदान काय, उपचार सुरू किती. यातल्या प्रत्येक पायरीवर गळालेल्यांचं कारण.

आणि चट्टा असलेल्या प्रत्येकाला दर तीन ते सहा महिन्यांनी परत बघायचं, ते कोण बघणार याचं नाव प्रकल्प संपायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत लिहून घ्या. तंबाखू सोडायची इच्छा दाखवणाऱ्याला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा टोल फ्री नंबर द्या, नुसता कागदावर नको, तिथंच बसून लावून द्या.